नावं मंगळवारी, चिन्हं बुधवारी

मी शिस्तीनं काम करायचं ठरवलं, तिथून हे सगळं सुरू झालं. तोपर्यंत मी बेशिस्तीत अगदी सुखरूप होतो.

इंदापूरला एस.टी. स्टँडच्या मागं माझं दुकान आहे, 'युवराज आर्ट्स'. युवराज म्हणजे मीच. (नाव आईनं हौसेनं ठेवलं. राज्य मिळालं ते एका गाळ्याचं, आणि तेही भाड्याचं.) नंबर प्लेट, दुकानांच्या पाट्या, कापडी बॅनर, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीमागची 'आईची कृपा', लग्नघराच्या भिंतीवरचा गणपती, जे सांगाल ते मी रंगवतो. फक्त कधी रंगवीन ते विचारू नका. नवरी सासरी नांदायला लागल्यावर माझा गणपती पूर्ण झाला, असंही घडलेलं आहे. कलाकाराला मूड लागतो, असं मी गिऱ्हाइकांना सांगत असे. गिऱ्हाईक ऐकून घेत असे आणि पुढच्या वेळी अकलूजचा पेंटर बोलावत असे.

माझा मेव्हणा दादासो सांगवीचा. एका साखर कारखान्यात चांगल्या जागेवर आहे. त्यानं माझ्यासाठी वजनकाट्यावर कारकुनाची जागा बघून ठेवली होती. खुर्ची, डोक्यावर पंखा, महिन्याच्या महिन्याला पगार. उसाची गाडी आली की वजन लिहायचं, गाडी गेली की वजन लिहायचं. दादासो हे वर्णन करायला लागला की मी नकळत ब्रश उचलून हातात घ्यायचो. ब्रश हातातून सुटून तिथं कार्बन पेपर येणार, या विचारानं मला घाम फुटायचा. पण दादासोपुढं बोलायची माझी टाप नव्हती. (तो पैलवान होता. अजूनही आहे.)

माझी बायको मनिषा मधल्या मध्ये अडकली होती. भाऊ म्हणतो ते तिला पटायचं आणि नवरा म्हणतो ते तिला ऐकावं लागायचं. शेवटी तिनंच तोड काढली. बारामतीला लघुउद्योजकांसाठी एक मार्गदर्शन शिबिर होतं, तिथं दादासोनं मला नेऊन बसवलं. आणि स्वतः दाराबाहेरची खुर्ची अडवून बसला, म्हणजे मी मधूनच निघून जाऊ नये.

शिबिराचे सर टाय लावून आले होते. त्यांनी आम्हाला दोन मंत्र दिले. पहिला, रोज सकाळी आरशात बघून 'मी यशस्वी उद्योजक आहे' असं मोठ्यानं म्हणायचं. दुसरा, एका वेळी एकाच प्रकारचं काम करायचं. सर म्हणाले, चपात्या करायच्या तर आधी सगळ्या लाटून घ्या, मग सगळ्या भाजा, बघा वेळ किती वाचतो. मागच्या रांगेतून एक बाई म्हणाल्या की लाटून एकावर एक ठेवल्या तर चिकटतील. सरांनी त्यांना शेवटी प्रश्नोत्तरं आहेत म्हणून खाली बसवलं. त्या बाईंचं तेव्हाच ऐकायला हवं होतं.

दुसऱ्या दिवसापासून मी दाढी करताना यशस्वी उद्योजक व्हायला लागलो. पहिल्या दिवशी मनिषानं आतून विचारलं, "कोण आलंय हो?" तिनं चहाला एक कप पाणी वाढवलंही होतं.

त्याच सुमाराला, म्हणजे शहाण्णव सालच्या मार्चमध्ये, उजनी धरणाच्या पाण्याकडेच्या एका गावात शेतकऱ्यांच्या सोसायटीची निवडणूक लागली. पळसदेवच्या अलीकडं पलीकडं कुठंतरी धरा. गावाचं नाव मी मुद्दाम सांगत नाही, मला अजून त्या रस्त्यानं जावं लागतं.

तिथं दोन पॅनेल समोरासमोर होती. एक बापूसाहेबांचं, चिन्ह छत्री. दुसरं आप्पासाहेबांचं, चिन्ह कपबशी. दोघे सख्खे चुलतभाऊ, आणि एकमेकांच्या घरचं पाणीसुद्धा पीत नव्हते. आप्पासाहेब ओरडून बोलायचे. ते घरात रागावले की एस.टी.च्या थांब्यावर कळायचं. बापूसाहेब कधीच ओरडत नसत. ते नुसतं हळू आवाजात "बसा" म्हणायचे आणि समोरचा असेल तिथंच बसायचा. मला ओरडणाऱ्यांची भीती वाटते. न ओरडणाऱ्यांची जास्त वाटते.

या दोघांच्याही भिंती रंगवायचं काम मी घेतलं होतं. तालुक्यात असा मी एकटाच पेंटर. बाकीचे म्हणायचे, एकाचं घ्या नाही तर दुसऱ्याचं, दोन्हीकडून मरायचं काम कुणी सांगितलंय. मी काही धाडसानं घेतलं नाही. दोघांनाही नाही म्हणायची भीती वाटली, एवढंच.

काम मिळाल्यावर मनिषा म्हणाली, "हे एवढं येळेवर आन् नीट करून दावा. मग दादासोला मीच सांगते, की ह्यांचं दुकानच बरं हाय म्हणून. न्हाय जमलं तर मी बी मग काय बोलायची न्हाय." ती हे रागानं म्हणाली असती तर मी भांडलो असतो. ती दमून म्हणाली, म्हणून मला वाईट वाटलं. आणि मी ठरवलं की आता सरांच्या पद्धतीनंच करायचं.

एरवी मी एक भिंत घ्यायचो, पांढरी करायचो, नावं लिहायचो, चिन्ह काढायचो, लांब जाऊन बघायचो, चहा प्यायचो आणि मग दुसरी भिंत. या खेपेला आख्खं गाव एकदम. सोमवारी सगळ्या भिंतींना चुना. मंगळवारी सगळी नावं, चिन्हाची चौकट मोकळी ठेवून. बुधवारी सगळी चिन्हं. चिन्हांसाठी मी दोन साचे कापले, जुन्या एक्स-रेच्या फिल्मचे. (छत्रीच्या साच्यात कुणाच्या तरी बरगड्या होत्या.) साचा भिंतीला लावायचा, रंग मारायचा आणि मग हातानं शेडिंग द्यायचं. शेडिंग ही माझी खासियत आहे, असं माझं तेव्हा मत होतं.

त्या गावाची रचनाही सरांनी मुद्दाम माझ्यासाठी करून ठेवल्यासारखी होती. हायवेकडून गावात शिरलं की सरळ रस्ता पाण्यापर्यंत जातो. डाव्या हाताला सगळी बापूसाहेबांची भावकी, उजव्या हाताला आप्पासाहेबांची. मी मनाशी घोकून ठेवलं, छत्री डावीकडं, कपबशी उजवीकडं.

मंगळवारी नावं लिहीत लिहीत मी पाण्याच्या टोकाला पोचलो. तिथल्या देवळात डबे आणि शिडी ठेवून घरी आलो. बुधवारी परत गेलो, डबे तिथंच होते, म्हणून तिथूनच कामाला सुरुवात केली. छत्री डावीकडं, कपबशी उजवीकडं.

वाचकहो, तुम्हाला कळलं असेल. तुम्ही हुशार आहात, शिवाय तुम्ही शिबिराला गेला नव्हता. पाण्याकडून हायवेकडं तोंड केलं की डाव्या हाताला आप्पासाहेब येतात.

तुम्ही म्हणाल, शेजारी नाव दिसलं नाही का? माणूस भिंतीला नाक लावून उभा असला की त्याला फक्त भिंत दिसते. आणि सरांनीच सांगितलं होतं की हातातल्या कामाशिवाय इकडंतिकडं बघायचं नाही. त्यात दुपारनंतर वर्ल्ड कपची मॅच होती, शिडीला ट्रान्झिस्टर बांधलेला. काम इतक्या झपाट्यानं झालं की मला माझंच कौतुक वाटलं. घरी पोचलो, रात्री आपण मॅच हरलो आणि मला वाटलं, आजच्या दिवसातली सगळ्यात वाईट गोष्ट झाली ती हीच.

गुरुवारी सकाळी मनिषा पळसदेवला तिच्या रंगूमावशीकडं जाऊन आली. एस.टी. वाटेत त्याच गावात वळसा घेऊन जाते. दारात चपला काढता काढता तिनं सहज विचारलं,

"बापूसाहेबांनी चिन्ह बदललं व्हय?"

"न्हाय. का?"

"त्यांच्या समद्या भिंतींवर कपबशी हाय की."

"आन् आप्पासाहेबांच्या?"

"तितं मग छत्री असंल."

मी खाली बसलो. म्हणजे बसायचं ठरवलं नव्हतं, पण बसलो होतो. सोसायटीच्या मतदानात म्हातारी माणसं नावं वाचत नाहीत. चिन्ह बघतात आणि शिक्का मारतात. बापूसाहेबांची माणसं आप्पासाहेबांना निवडून देणार होती आणि आप्पासाहेबांची बापूसाहेबांना, आणि हे मी केलं होतं, शेडिंगसकट. चूक झाली असं कुणीही म्हणणार नव्हतं. बापूसाहेब म्हणणार, पेंटरला आप्पानं फितवला. आप्पासाहेब म्हणणार, पेंटरला बापूनं फितवला. मला कुणीही फितवलेलं नव्हतं, आणि ते सिद्ध करायचा एकही मार्ग माझ्याकडं नव्हता.

मनिषा म्हणाली, जावा आणि दोघांना खरं काय ते सांगून टाका. मी हो म्हणालो. (बायकोला हो म्हणायला धाडस लागत नाही.) आणि माझ्या एम-ऐंशी गाडीला चुन्याची बादली टांगून निघालो. माझा बेत असा होता की गुपचूप सगळी चिन्हं पुसायची, गुपचूप पुन्हा काढायची आणि आयुष्यभर गुपचूप राहायचं.

पण मार्चची दुपार, त्यामुळं गावातल्या प्रत्येक भिंतीच्या सावलीला माणसं टेकलेली. पहिल्याच भिंतीला बापूसाहेबांच्या भावकीतले कुंडलिकतात्या बसले होते. त्यांच्या डोक्यावर बापूसाहेबांचं नाव आणि नावापुढं माझी कपबशी. मला बघून तात्यांनी तंबाखू मळायची थांबवली.

"पेंटर, लई धाडस केलंस बाबा."

मी गाडीवरूनच विचारलं, "कसलं धाडस, तात्या?"

"ह्या उन्हात बिगर टोपीचा आलास."

मी हसल्यासारखं केलं आणि बादली उतरवली. तात्यांनी विचारलं, चुना कशाला? मी म्हणालो, दुसरा हात मारायचा राहिलाय. तात्या म्हणाले, एवढं चांगलं दिसतंय, पुसतोस कशाला? आणि ते उठून भिंतीकडं निरखून बघायला लागले. त्यांची नजर नावावरून हळूहळू चिन्हाकडं सरकत होती. मी मध्ये उभा राहिलो. तात्या डावीकडं वाकले, मीही वाकलो. तात्या उजवीकडं वाकले, मीही. शेवटी ते म्हणाले, "उन्ह लागलं वाटतं तुला," आणि खाली बसले.

तेवढ्यात राजदूतवरून बापूसाहेबांचा माणूस आला. गाडी बंद न करताच म्हणाला, "पेंटर, बापूसाहेबांनी बोलावलंय. आत्ताच्या आत्ता. आप्पासाहेब बी तितंच बसल्यात."

दोघे एका जागी. ज्या दोघांना भावकीतली लग्नं एकत्र बसवू शकली नव्हती, ते एका छपराखाली बसले होते, आणि मला बोलावत होते. याचा अर्थ एकच होता. माझा गुन्हाच एवढा मोठा होता की त्यापुढं त्यांचं जुनं वैर फिकं पडलं. राजदूतच्या मागं बसून जाताना मला दादासोचा वजनकाटा डोळ्यांपुढं आला. खुर्ची, पंखा, कुणाचंही चिन्ह नाही. आयुष्यात पहिल्यांदा मला तो प्रेमळ वाटला.

बापूसाहेबांच्या बंगल्याच्या ओसरीवर दोघे शेजारी शेजारी बसले होते. आजूबाजूला दोन्हीकडची माणसं. बापूसाहेबांनी माझ्याकडं बघितलं आणि हळू आवाजात म्हणाले, "बसा."

बसलो नाही मी. बोलायलाच लागलो. शिबिरापासून सुरुवात केली. टायवाले सर, चपात्या, डावा हात, उजवा हात, देवळात ठेवलेले डबे, मॅच, एक्स-रे, सगळं एका दमात सांगितलं. बापूसाहेबांच्या भिंतींवर कपबशी गेली आणि आप्पासाहेबांच्या भिंतींवर छत्री, पण मला कुणी फितवलेलं नाही, मी मूर्ख आहे पण विकला गेलेला नाही, मनिषाला विचारा. शेवटी तर मी असंही म्हणालो की मी यशस्वी उद्योजक नाही. ते कुणी विचारलंही नव्हतं.

मग आप्पासाहेब उठले.

"म्हंजे माझ्या नावाम्होरं ह्याची छत्री?" ते माझ्याकडं न बघता बापूसाहेबांकडं वळले. "बापू, आपुन एक झालो आज सकाळी. भिंती झाल्या काल. काल ह्याला हे कुणी सांगितलं हुतं?"

बापूसाहेब पहिल्यांदाच थोडे मोठ्यानं बोलले. "मला इचारतोस? माझ्या भिंतीवर कपबशी कुणी काढाय लावली, ते तू सांग आधी."

तेव्हा आजूबाजूच्या कुजबुजीतून मला उमगलं. सकाळी दोघांचा समझोता झाला होता. आप्पासाहेबांनी पाठिंबा द्यायचा, दोघांनी मिळून सोसायटी चालवायची आणि सगळ्या भिंती पुसून नव्यानं लिहायच्या, दोघांची नावं एकत्र आणि चिन्ह छत्री. मला बोलावलं होतं ते या कामासाठी. म्हणजे माझी चूक मी माझ्याच हातानं, त्यांच्याच हुकमानं पुसणार होतो. मला फक्त तोंड बंद ठेवायचं होतं. तेवढंच जमलं नाही.

आता दोन्हीकडची माणसं उठून उभी राहिली होती. कुणी चपला शोधत होतं. चुलतभावांचं कितीतरी वर्षांचं भांडण सकाळी मिटलं होतं आणि दुपारी ते मी पुन्हा पेटवलं होतं. आता दुकान जाणार हे तर ठरलंच. पण गावात जे काही होईल त्याचं खापर जन्मभर आपल्या डोक्यावर, या विचारानं मी खरोखर घाबरलो. मला रडू आलं, आणि ते मी लपवलंही नाही.

बापूसाहेब म्हणाले, "चला. आधी बघू तर."

सगळा लवाजमा रस्त्यावर आला. समोरच बापूसाहेबांच्या भावाच्या घराची भिंत होती. बापूसाहेब भिंतीपुढं उभे राहिले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. मी डोळे मिटून घेतले.

"पेंटर," बापूसाहेब म्हणाले, "ही कपबशी हाय?"

"व्हय, बापूसाहेब."

"कालपास्नं मी जातायेता बघतोय. मला वाटलं, छत्रीच हाय. वाऱ्यानं उलटी झालेली."

मी डोळे उघडले. आप्पासाहेब तरातरा रस्ता ओलांडून आपल्या बाजूच्या भिंतीकडं गेले. तिथं माझी छत्री होती, शेडिंग दिलेली, दांड्याला छान बाक दिलेला. त्यांनी मान तिरकी करून बघितलं, मग दुसऱ्या बाजूला तिरकी केली.

"आन् मला वाटलं, बशीत कप पालथा घातलाय," ते म्हणाले. "काल माझ्या घरात मी सोताच म्हणालो, पेंटरनं कपाचा कान खाली कशापायी घेतलाय."

त्यांचा आवाज कसा, ते मी मघाशी सांगितलंच आहे. ते हसायला लागले तेव्हा पाण्याकडचे बगळे उडाले. मग बापूसाहेब हसले, आवाज न करता, खांदे हलवत. मग सगळा रस्ता हसला. दोन्ही बाजूंची माणसं एका भिंतीवरून दुसऱ्या भिंतीवर जाऊन माझी चित्रं बघत होती आणि एकमेकांच्या पाठीवर थापा मारत होती. कुंडलिकतात्या लांबून चालत आले आणि त्यांनी आपल्या भिंतीवर तर कासव आहे असं जाहीर केलं. समझोता मोडला नाही. उलट एकत्र हसायला त्यांना इतक्या वर्षांत पहिल्यांदाच काहीतरी मिळालं होतं.

काम माझ्याकडंच राहिलं. बापूसाहेब म्हणाले, तुमचं अक्षर चांगलं आहे, सगळ्या भिंती तुम्हीच करा. फक्त एक करा, म्हणाले, छत्री काढली की तिच्याखाली 'छत्री' असं ठळक लिहा. मी प्रत्येक भिंतीवर तसं लिहिलं. एक भिंत पूर्ण करून मगच दुसरी घेतली.

घरी येऊन मनिषाला सगळं सांगितलं. दुकान वाचलं म्हणून तिनं देवापुढं साखर ठेवली आणि दादासोला आजच निरोप धाडते म्हणाली. माझ्या मनात मात्र एक गोष्ट घोळत राहिली होती. आख्ख्या गावानं माझी कपबशी ओळखली नाही, पण हिनं चालत्या एस.टी.तून ओळखली. कुणाला नाही तरी घरच्या माणसाला आपली कला कळते, या विचारानं मला भरून आलं. मी हळूच विचारलं, "तुला मात्र कशी गं वळखू आली?"

"मला कुठं वळखू आली?" ती म्हणाली. "तुमची छत्री कशी असती ते मला ठावं हाय. पालथ्या मडक्यावाणी. बापूसाहेबांच्या भिंतीवर मडकं न्हवतं. मग म्हणलं, हुबं राहिल्यात दोनच पॅनेल, तर हे जे काय हाय ती कपबशीच असणार."